बाबांचे पाय दुखायचे थांबले

हॅलो?… हं, बोल छोटे… नाही गं, तोंडात घास आहे. सकाळपासून लोकांच्या दातांपाशी उभी आहे, आत्ता कुठे डबा उघडलाय… बाबांना तपासलं का डॉक्टरांनी?

इंग्रजीतच बोलतात? काय विचारलं?… नंब नाही, नम. शेवटचा बी गप्प असतो… मला नाही तर कोणाला माहीत असणार! इंजेक्शन दिलं की आमच्या डॉक्टरीणबाई प्रत्येकाला हेच विचारतात. ओठ नम झाला का?… म्हणजे बधिर. सुन्न.

नाही, मुंग्या नव्हेत. मुंग्या आलेल्या कळतात तरी. नम म्हणजे काहीच कळत नाही… हो, हो, मनालाही म्हणतात. आई गेली तेव्हा तू नुसती भांडी घासत होतीस ना, डोळ्यांत टिपूस नाही… तेच ते. जाऊ दे, दमलेय गं मी. तू काय उत्तर दिलंस?

‘नो’?… बाबा ‘दुखत नाही’ म्हणाले म्हणून ‘नो’?… अगं ऐक ना. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं नसतं!… हो, मीही सगळ्यांना सांगत सुटले होते, बाबांचे पाय दुखायचे थांबले एकदाचे. खूश होतो आपण. पण गरम पाण्याच्या पिशवीने टाच भाजली, एवढा मोठा फोड आला, आणि कळलं कधी? तू मोजा काढलास तेव्हा!

नको, त्यांना फोन देऊ नकोस, मला गुंडाळतील ते. बाहेर बाकावरच आहात ना? चप्पल काढ त्यांची. डोळे मिटा म्हणावं… कशाला म्हणजे? ताईचा हुकूम आहे म्हण… हसू देत. आता पेनाच्या टोपणाने अंगठा दाब. अगदी हळू नको, नीट दाब.

हं. काय म्हणाले?

‘दाब की मग’?…

तू… दाबलायस?… अजून दाबलेलाच आहे?…

छोटे. ए छोटे… रडू नकोस, त्यांच्यासमोर नको. मलाही भीती वाटतेय. तू आत जा आणि डॉक्टरांना सांग, मघाशी चुकलं. येस, नम. एवढंच सांग. पुढचं ते बघतील.

निघालेच मी… डबा गेला खड्ड्यात. ठेवते…

अगं, थांब! आधी बाबांना डोळे उघडायला सांग.