ग्रीकवाल्या सरांचं बोट

नाही नाही, तसं नाही वं — आधी बोट, मग शब्द. पाद्र्यांच्या विद्यालयात पस्तीस वर्षं असंच शिकवलं मी. जुन्या ग्रीकमध्ये दाखवायचे शब्द तीन. होदे — हा, माझ्या हाताशी आहे तो. हा माझा चष्मा, हा कप. नाटकातला माणूस तर स्वतःलेच तसं म्हणते — 'हा माणूस मरायले भीत नाही,' म्हणजे मीच भीत नाही. दुसरा हूतोस — तुझ्याजवळचा. ती पर्स, आल्यापासून छातीशी धरून बसली तू. अन् तिसरा एकेइनोस — पल्याडचा, दूर गेलेला, नाही तर मेलेला. समोरच्या सिंधूताई होत्या ना, त्या आता एकेइनोसमध्ये. कुलूप दिसलं असंल तुले येताना. त्यांना मारून तीन वर्षं झाली, भर दुपारी, गळ्यातल्या सोन्यासाठी. चहा घे, थंडा होऊन राहिला.

मले तर बरंच वाटलं होतं. मनीषनगरात ग्रीक कोणाले पायजे? फोनवर तू म्हणली, 'सर, शिकायचं आहे' — अन् इथं आल्यापासून साधी वही काढली नाही. नाव रोशनी. आडनाव सांगितलंच नाही. काहून? — राहू दे. इथं येऊन राहिली हे घरी सांगितलं का कोणाले? नाही? बरं. बरं झालं.

हूतोसचं ऐक पुढं. अथेन्सच्या कोर्टात वकील नव्हते उभे राहत, ज्याचं भांडण त्यानंच बोलायचं. अन् समोरच्याचं नाव फारसं घेतच नसत — हूतोस म्हणायचे, 'हा बसला आहे ना इथं, यानंच केलं.' बोट रोखून! रस्त्यात कोणाले दटावायचं तरी तोच शब्द — 'हूतोस!', म्हणजे 'ए, तू!' एकदा बोट रोखलं का माणूस अर्धा गुन्हेगार झालाच समज. रिटायर झाल्यावर मी रविवारी सकाळी लायब्ररीच्या हॉलमध्ये फुकट वर्ग घ्यायचो — यवन, म्हणजे ग्रीक, राजांच्या नाण्यांवरची अक्षरं वाचायची ज्याले हौस, त्यानं यावं. पंधरा-वीस लोक यायचे. मागच्या बाकावर एक जण बसे, खापरखेड्याहून बसनं येणारा, कूलरच्या मोटारी दुरुस्त करायचा, नखांत काळं ग्रीस. हूतोस शिकवताना मी त्याच्याकडेच बोट रोखायचो. बाकीचे खो खो हसत, तो मात्र वहीत लिहून घ्यायचा. दोन महिने आला, मग बंद झाला. नाव काही मी विचारलं नव्हतं.

— रडू नको वं. मले माहीत आहे तू कोण ते. दार उघडलं तेव्हाच कळलं, नाक त्याचंच आहे. अंकुशची बहीण तू. तुले वाटलं, म्हाताऱ्याले कळणार नाही?

मग आता ऐकूनच घे. सिंधूताईंना मारलं त्या दिवशी तो खालच्या घरी कूलरची मोटर बदलायले आला होता, म्हणून पोलिसांनी उचलला. मग ओळख परेड. जेलच्या आवारात दहा माणसं ओळीनं उभी, तहसीलदार कागद घेऊन, पोलीस बाहेर. मले म्हणले, सर, सावकाश पहा, ज्याले जिन्यात पाहिलं त्याच्या खांद्यावर हात ठेवा. आता जिन्यात मी पाहिलं तरी किती? मे महिन्याची दुपार, कूलरची घरघर, मी कूलरमध्ये पाणी टाकायले उठलो, दार उघडं — अन् एक माणूस, शर्टाले हात पुसत, एक नजर फक्त. त्या ओळीत नऊ चेहरे परके होते, एक ओळखीचा. ओळखीचा वाटते म्हणजे हाच असंल, असं झालं माझं. हात आपोआप गेला. अन् हात ठेवल्यावर तो हळूच म्हणला, 'सर.'

हो. तेव्हाच आठवलं मले. मागचा बाक, वही, सगळं.

हात काढून घेता आला असता. तहसीलदार अजून लिहूनच राहिले होते. म्हणायचं, साहेब, चुकलं माझं, हा माझा विद्यार्थी आहे, जिन्यातला नाही. एवढंच तर म्हणायचं होतं! पण नाही म्हणलं. लाज वाटली वं — जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या, अन् आता तहसीलदारासमोर म्हणू का बोट चुकलं? बाहेर सिंधूताईंचा मुलगा हात जोडून उभा होता. मग पेपरात माझं नाव आलं, सोसायटीनं शाल दिली. ती शाल मी एकदाही अंगावर घेतली नाही. अन् आता सोमवारी कोर्टात पुन्हा बोट दाखवायचं आहे.

'सोमवारी खरं सांगा' — हेच म्हणायले आली ना तू? सोपं आहे तुले म्हणणं. खरं सांगितलं का पोलीस पुन्हा विचारतीन, मग कोण होता? अन् ज्याले मी पाहिलं, त्यानंही मले पाहिलं आहे, पोरी. तुझा भाऊ आत आहे तोवर त्याले वाटते का म्हाताऱ्याच्या डोळ्याले काही नीट दिसलंच नाही. तोवर मी जिवंत आहे. एकटा माणूस मी, अन् दाराची कडी ही अशी. तो जिना चढताना वळला, अन् असं पाहिलं त्यानं माझ्याकडे —

काय? चढताना नाही म्हणलं मी. उतरताना. जबानीत उतरताना लिहिलं आहे, तेच बरोबर. वर काय आहे? वर तर एकच घर आहे... मी काही म्हणलं नाही हं. जिन्यात भेटला का नमस्कार करते तो मले, रोज, 'काय सर, तब्येत ठीक ना?' म्हणते, अन् मी —

चूप. आवाज आला ना? याच वेळेस येते तो कामावरून. हलू नको. वर जाऊ दे त्याले. ... थांबला. माझ्याच दाराशी थांबला.

— नाही म्हणलं ना वं तुले! किती वेळा सांगू? तुझ्याच भावाले पाहिलं मी, माझ्या या डोळ्यांनी! सोमवारी कोर्टातही तेच सांगीन! ऊठ! नीघ इथून!