हार घातलेला जुना सर्व्हर

तुम्हाला रचून सांगतोय असं वाटेल, पण सायली गावातल्या आमच्या सूत कारखान्यातला सगळा डेटा एकदा पूजेपायी जाणार होता.

झालं असं, की जुन्या सर्व्हरवरचं काम आम्ही नुकतंच व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या नव्या सर्व्हरवर, हलवलं होतं. डेटा दोघांच्या सामायिक स्टोरेज डिस्कवर, होता तिथेच होता. जुनं मशीन अडीअडचणीला असावं म्हणून ठेवलं, पण बंद करून. दोन्ही मशीन एकदम त्या डिस्कवर लिहायला लागली असती, तर ऑर्डरींपासून पगारापर्यंत सगळ्याची खिचडी झाली असती.

खंडेनवमीच्या सकाळी सर्व्हर रूममध्ये शिरलो, तर जुन्या मशीनला झेंडूचा हार आणि त्याचे दिवे लुकलुकतायत. समोर मॅनेजर पटेलसाहेब हात जोडून उभे.

"साहेब, हे चालू कोणी केलं?"

"मी. बंद मशीनची पूजा थोडीच होते, भाई?"

स्टोरेजचं सेटिंग जळगावच्या आमच्या सहकारी वर्षाने केलं होतं. तिला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"वर्षा, दोन्ही मशीन चालू आहेत!"

"जुन्याच्या स्क्रीनवर काय दिसतंय?"

"डिस्क सापडत नाही म्हणतंय."

"मग घाबरू नकोस. काम हलवलं त्याच दिवशी मी त्याची डिस्क वापरायची परवानगी काढून टाकली होती."

पटेलसाहेब दुखावले. "एवढी वर्षं इमानदारीनं चाललं ते. एकदम परकं केलं?"

"तसं नाही साहेब," वर्षा म्हणाली. "निवृत्त माणसाचा सत्कार जरूर करावा. तिजोरीची किल्ली तेवढी काढून घ्यावी."