तिसरा ठिपका

चंद्रकांता : दोघं इथे काय करताय? आणि बाटल्या हातात कशाला?

भागी : पहाटंच लाईट गेली, ताई. हलवायचं मशीन बंद पडलं. तुमीच बोलल्या ना, हलल्या नाय तर आतल्या पेशी गुदमरून मरतील? मंग आमी हातानं हलवतो.

चंद्रकांता : पहाटेपासून? भागी, तुझी झाडलोट? आणि झुंबरभाऊ, तुमची फाटकावरची ड्यूटी?

झुंबर : कुलूप घातलंय. गाडी आली तर हॉर्न वाजवंलच की.

चंद्रकांता : मोठ्या साहेबांनी पाहिलं तर? आधीच त्यांना ही लॅब मोडून गोदाम करायचंय. आज काही दाखवलं नाही तर संपलंच.

झुंबर : म्हणून तर आलो. ताई, ह्या सदाफुलीच्या पेशी रक्ताच्या कॅन्सरचं औषध करत्यात, खरं ना?

चंद्रकांता : करतील अशी आशा आहे. सदाफुलीच्या पानात दोन अल्कलॉइड, म्हणजे औषधी रसायनं, भरपूर मिळतात. ती जोडली की औषध होतं, पण झाड ते कणभरच बनवतं. ती दोन्ही मी काल या बाटल्यांत घातली. जोडायचं काम पेशींचं.

झुंबर : माझ्या सुलूला तेच इंजेक्शन चालू हाय. मुंबईला.

चंद्रकांता : सुलूला? कधी बोलला नाहीत!

झुंबर : काय बोलायचं? रोग लागंल म्हणून लोकं लेकराला जवळ घेईनात. मागच्या खेपंला औषध परदेशातून आलंच न्हाई. तिला तसंच गावी, सरावलीला परत आणलं.

चंद्रकांता : भाऊ, खोटं नाही सांगत. इथलं औषध दवाखान्यात पोचायला वर्षं जातील.

झुंबर : जाऊ द्यात. तवाबी कुणाचं तरी लेकरू असंलच की.

भागी : ताई, ही बाटली धरा आदी. माजा हात भरून आला.

(दुपार. वीज अजून आलेली नाही.)

चंद्रकांता : मागे सरा. बाटलीतला अर्क या पट्टीवर चढवलाय; फवारा मारला की त्यातल्या प्रत्येक रसायनाचा ठिपका वेगळा दिसेल.

भागी : रंग आला!

चंद्रकांता : हे दोन ठिपके आपण घातलेल्या अल्कलॉइडचे.

झुंबर : आन् ह्यो तिसरा?

चंद्रकांता : तो आपण घातलाच नव्हता. शेजारी खऱ्या औषधाचा ठिपका लावलाय, बघा; दोन्ही एकाच उंचीवर असले तर ते तेच औषध.

भागी : एका रेषेत हाय की!

झुंबर : म्हंजे... जोडलं?

चंद्रकांता : जोडलं. थोडंसंच. पुन्हा पुन्हा करून बघावं लागेल. पण साहेबांपुढे ठेवण्याइतकं नक्की आहे. आता त्यांनी गोदाम दुसरीकडे शोधावं.

झुंबर : सुलूला सांगू का?

चंद्रकांता : तुम्ही नका सांगू. तिला बरं वाटेल त्या दिवशी इथे घेऊन या. मी दाखवते.

झुंबर : लई प्रश्न इचारती ती.

चंद्रकांता : विचारू दे. माझ्याशेजारचं स्टूल रिकामंच असतं.