‘मिर्झा’ म्हणजे कोण, याबाबत जिपारगुल ओमुर्झाकोवा यांचा जबाब

नाव : जिपारगुल ओमुर्झाकोवा. वय : ६९. व्यवसाय : गावच्या औषधालयाची प्रमुख होते, आता निवृत्त. शिक्षण : तेव्हाची राजधानी फ्रुंझे येथे औषधनिर्माणशास्त्राची पदवी. राहणार : आक-बेशिक, नारीन प्रांत.

मी स्वतः ठाण्यात येऊन सांगते की, उमसुनाय आपा, वय ७८, या माझ्या शेजारी आहेत. नवरा वारला आहे. दोन्ही मुलगे रशियात कामाला आहेत. संधिवातामुळे त्यांना काठीशिवाय उठता येत नाही. मी एक दिवसाआड त्यांना इंजेक्शन द्यायला जाते. घराची दुसरी किल्ली त्यांचा धाकटा दीर कालमुरात याच्याकडे असते. तो कोळसा आणि पीठ आणून टाकतो. त्यामुळे गावात त्याला पुण्यवान म्हणतात.

गेल्या मंगळवारी सकाळी मी गेले तेव्हा चूल थंड होती. आपा भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. इंजेक्शनसाठी कपडा सारला तेव्हा मांड्यांवर बोटांचे वळ दिसले. कपड्यांना रक्त होते. आपा म्हणाल्या, “पडले गं.” मी म्हटले, “आपा, जमिनीला बोटं नसतात.” तेव्हा त्या म्हणाल्या, “मिर्झा आला होता. कोळसा घेऊन.” मग म्हणाल्या, “कुणाला सांगू, जिपार? तोंडात दात नाहीत माझ्या. लोक हसतील.” पूर्वीही असे झाले होते का, यावर त्यांनी होकारार्थी मान हलवली. किती वेळा, ते मी विचारले नाही.

मी त्यांना अंग धुऊ दिले नाही. कपडे कागदी पिशवीत ठेवले आणि त्यांना जिल्ह्याच्या डॉक्टरांकडे नेले. तिथून आम्ही तक्रार द्यायला ठाण्यात आलो. तपासणीचा कागद ठाण्यात दिलेला आहे.

आमच्याकडे सून सासरच्या पुरुषांची नावे घेत नाही. धाकट्या दिरालाही ‘मिर्झा’, म्हणजे धाकटे मालक, म्हणते. ठाण्याचे अधिकारी शहरातून नवीन आलेले आहेत. त्यांनी तक्रारीत लिहिले, ‘मिर्झा नावाचा इसम, आडनाव अज्ञात.’ आमच्या गावात सून असलेल्या प्रत्येक घरात एक मिर्झा आहे. मी नाव सांगितले. ते म्हणाले, “ताई, तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत का? मग त्यांनीच सांगायला हवं.” आपांनी रुमाल तोंडावर ओढला. अधिकाऱ्यांनी ‘पीडिता सहकार्य करत नाही’ असे लिहिले. पुढे ‘गैरवर्तन’ असा शब्द लिहिला होता, तो मी खोडायला लावला. उशिरा येणे हे गैरवर्तन. हा बलात्कार आहे.

त्यानंतर मी कालमुरातच्या घरी गेले. त्याची बायको बूबात्मा कणीक लाटत होती. ती म्हणाली, “आमच्या म्हाताऱ्याचे गुडघे वाकत नाहीत, आणि तू काय घेऊन आलीस! लाज नाही वाटत, या वयात असलं तोंडात आणायला?” मी म्हटले, “करणारा समोर बसून चहा पितोय. लाज त्याला विचार.” कालमुरात हसला. म्हणाला, “वहिनीची थट्टा दिरानं नाही करायची, तर कुणी?” मी म्हटले, “थट्टेत रक्त निघत नाही.” त्याने भाकरी सायीत बुडवली. “मग तिला म्हणावं, पोलिसापुढं माझं नाव घेऊन दाखव. आमच्या घराण्यात असली सून अजून आली नाही. आणि शनिवारी घरी राहा म्हणावं, कोळसा संपत आला असेल.” त्याच्या मिशीला साय लागली होती.

आपांच्या दाराचे कुलूप मी बदलून घेतले. पण कुलूप किती दिवस पुरणार?

आज मी आपांना पुन्हा ठाण्यात आणले. बाहेर बाकावर सासरकडचे दोघे वडीलधारे येऊन बसले होते. त्यांतला एक म्हणाला, “सूनबाई, घराचा मान राख.” अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला तो सूनबाई म्हणाला. आपा थांबल्या नाहीत.

अधिकाऱ्यांनी विचारले, “मिर्झा म्हणजे कोण?” आपांनी तोंडावरचा रुमाल हनुवटीखाली घेतला आणि म्हणाल्या, “कालमुरात.” अधिकाऱ्यांनी त्याच्या बापाचे नाव विचारले. ते आपांच्या सासऱ्यांचे नाव. मी उत्तर द्यायला पुढे झाले, तर त्यांनी काठी आडवी धरली. “तू बस. बैसेर्के. बैसेर्केचा मुलगा कालमुरात. लिही, बाळा.” मग विचारले, “थुंकायचं कुठं?” अधिकाऱ्यांनी कचऱ्याची बादली पुढे सरकवली. आपा थुंकल्या.

माझा हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. उमसुनाय आपांच्या सांगण्यावरून खोलीचे दार उघडे ठेवून वाचला. मी सांगितला तसाच आहे.

सही : जि. ओमुर्झाकोवा