वापरात चूक

आणि वर मलाच म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नकोस!’ अहो, मी काय पिशवी घेऊन आणायला गेले होते? घरपोच येत होतं, मी आपलं मुकाट्यानं ठेवून घेत होते! बसा ना तुम्ही, अशा अवघडून का उभ्या? गाउनच्या नाड्या सुटल्यात मागून... असू दे हो, इथे सगळ्या त्याच ऑपरेशनला आलोय, लाजायचं कुणाला? माझी डावी. तुमची? उजवी? बरं झालं, अदलाबदल तरी नाही व्हायची.

तर तुम्हाला सांगते, गाठ निघाली माझ्या छातीत आणि चौकशी बसली घरात. कुणामुळे झाली? सासूबाई सोफ्यावरूनच, ‘मी तर बाई हिला एका शब्दानं बोलत नाही!’ हे वाक्य त्या दिवसातून चाळीस वेळा बोलतात. नणंद फोनवर, ‘वहिनी, तू सगळं मनात साठवतेस ना, त्याच्याच गाठी होतात!’ बाई गं, मी मनात साठवलं म्हणून तू अजून या घरात पाऊल टाकू शकतेस! पण बोलले नाही. साठवलं. काय करणार, एकोणीस वर्षांची सवय... आणि शेवटी आहेच, ‘टेन्शन घेऊ नकोस!’

मग नवऱ्याला लाइफस्टाइल सापडली. ‘तुझी लाइफस्टाइलच चुकली!’ मला आहे हेच माहीत नव्हतं! नऊ तास खुर्चीत, कानाला हेडफोन, घरी आलं की ओट्यापाशी उभ्यानं जेवण, वाया जाऊ नये म्हणून सगळ्यांचं उरलेलं माझ्या पोटात. ‘रोज अर्धा तास चालायला हवं होतंस.’ कधी हो? तुमचे मोजे शोधायला घरभर फिरते, ते धरत नाहीत का?

आता मी नोकरी काय करते ते सांगते, म्हणजे गंमत कळेल. वॉशिंग मशीनच्या कंपनीत मी तक्रारी घेते, फोनवर. लोक शिव्या घालतात, मी गोड हसते. हसू ऐकू जातं म्हणे, त्याचं ट्रेनिंग असतं! तर आमच्या कॉम्प्युटरवर तक्रारीखाली एक चौकट असते, ‘कारण’. ती भरल्याशिवाय तक्रार बंदच होत नाही. मेकॅनिक जाऊन आला, मशीन उघडलं, काही सापडलं नाही, तरी कारण लागतंच! मग काय लिहायचं? साहेबांनी पहिल्याच दिवशी शिकवलं, ‘काही सापडलं नाही की सरळ वापरात चूक टाकायचं. कंपनी मोकळी, आपण मोकळे.’ आणि तुम्हाला सांगते, माझ्याइतक्या झपाट्यानं तक्रारी बंद करणारं ऑफिसात कुणी नाही. वापरात चूक, टक्. वापरात चूक, टक्. एकदा एका आजींना सांगितलं, तर भांडल्या नाहीत हो. हळूच म्हणाल्या, ‘मग माझंच काहीतरी चुकलं असेल.’ फोन ठेवला आणि मी पुढचा घेतला. हल्ली त्या आजी मला फार आठवतात.

हां, तर डॉक्टरीणबाई. सगळं समजावून सांगितलं आणि म्हणाल्या, ‘काही विचारायचंय?’ नवरा खुर्चीत पुढे सरकला. मला वाटलं, आता विचारणार, ‘ही वाचेल ना?’ देवाशपथ सांगते, पंधरा दिवस मी त्या एका प्रश्नाची वाट बघत होते. घरात एकानंही विचारला नव्हता! आणि हे विचारतात, ‘डॉक्टर, हे घरच्या टेन्शनमुळे होतं का?’

‘ताणामुळेच होतं असं छातीठोकपणे...’ म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून गडबडल्या बिचाऱ्या. ‘म्हणजे, ठामपणे नाही सांगता येत. अभ्यास झालेत, पण सगळ्यांचं उत्तर एक नाही. वय, वजन, दारू, व्यायाम नसणं, यांचा थोडाफार वाटा असतो. पण यांनाच का झालं, ते मला सांगता येणार नाही. यांनी स्वतःवर ओढवून घेतलंय असं मात्र मुळीच नाही.’

पाया पडावंसं वाटलं हो बाईंच्या! आणि जिना उतरताना नवरा काय म्हणतो? ‘म्हणजे घरामुळे नाहीच, असंही त्या म्हणाल्या नाहीत.’ झालं! घरी पुन्हा बैठक! सासूबाईंचं बीपी वाढलं. नणंद रडून रडून झोपली. नवऱ्यानं ॲसिडिटीमुळे पोट धरलेलं. आणि मी? मी फिरतेय एकेकाच्या उशाशी, पाणी देत, पाठीवरून हात फिरवत, ‘टेन्शन घेऊ नका हं, तुमच्यामुळे नाही झालं, तुमच्यामुळेही नाही...’ तुम्हीच सांगा, कॅन्सर कुणाला झालाय?

आणि आत्ता! आत्ता, या दाराबाहेर! नर्स म्हणाली, नातेवाइकांनी इथेच थांबा. नवऱ्यानं माझा हात धरला. लग्नानंतर पहिल्यांदा, चारचौघांत! डोळे भरलेले. म्हटलं, आला प्रश्न... उशिरा का होईना, आला! म्हणतात, ‘हे बघ, आत जायच्या आधी एकदा सांगून टाक. माझ्यामुळे नाही ना?’

काय सांगू, मला राग यायला हवा होता. नाही आला. आतून आपोआप तो आवाज निघाला, फोनवरचा, हसरा. ‘नाही हो, अजिबात नाही. माझ्याच वापरात चूक.’

मला हाक मारतायत वाटतं... आले हो, आले! एवढं सांगते आणि जाते. माणूस असा हलका झाला म्हणता! हात सोडला, रुमालानं कपाळ पुसलं, कँटीन कुठेय ते नर्सला विचारलं. जाता जाता वळून म्हणतात, ‘सुटलो बाई! पंधरा दिवस फार टेन्शन होतं गं मला.’

म्हटलं, नका हो घेऊ इतकं. कॅन्सर होतो म्हणे त्यानं.