मधमाशीचं मेण

माझं माहेर इंदापूर तालुक्यातलं शेळगाव. वालचंदनगरला अब्बांचं चपलांचं दुकान व्हतं, तितंच मी शिकले, आधी धाग्याला मेण लावायला, मग चामड्याला भोक पाडायची आरी धरायला. लोक म्हणायचे पोरीनं आरी धरू न्हाय, अब्बा म्हणायचे, हाताला काय कळतंय पोरीचा का पोराचा. लग्न होऊन बारामतीत आले ती आरी घेऊनच आले, आन तवापासनं हितंच ओसरीवर बूट-चपला करते.

तर काय सांगू तुमाला, मागल्या साली पुण्याच्या एक बाई आल्या, म्हणल्या व्हेगन बूट करून द्याल का. आमचे मालक म्हणले, वॅगनचे बूट? मालगाडीवर चढायचे का? बाई हसल्या, मग सांगितलं, ज्यात कुठल्याच जनावराचं काय बी नसतं ते. चामडं न्हाय, लोकर न्हाय, हाडाचा सरस न्हाय. तीस जोड नीट झाले तर पुढचं सगळं काम तुमालाच. कापड त्यांनीच आणलेलं, केळीच्या खोडाच्या वाखाचं. आमच्या इंदापुरात खोडं बांधावर सडत्यात, त्याचं असं कापड व्हतंय हे मला ठावंच न्हवतं.

चामडं कसं, भिजवून ताणलं की ऐकतं. हे कापड अजाबात ऐकत न्हाय, कडंला उसवतं. पहिले चार जोड वाया गेले. मी बी हट्टाला पेटले, कडंला दुहेरी दुमड घातली, तळाला रबर लावलं, आन टाका सगळा हातानं. तीस जोड झाले, बघत राहावं असे झाले.

शेवटच्या जोडाला धागा ओढताना मधाचा वास आला, आन हात तसाच थांबला. धाग्याला लावलेलं माशीचं मेण, पोळ्यातलं, तीसच्या तीस जोडांच्या टाक्याटाक्यात गेलेलं, आन माशी बी जीवच की. हाताची सवय ओ, ती डोस्क्याला इचारती कुठं.

मालक म्हणले, धाग्यात काय हाय कोण बघतंय, गप ऱ्हा, हातचं काम जाईल. खरंच गेलं असतं, मला बी भ्या वाटलं. पण मी म्हणलं, मला कळलंय ना, बास. बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. बाई म्हणल्या, ताई, मेणाचं माझ्या बी ध्यानात न्हवतं, आठ दिवस घ्या.

उसवलं सगळं. कापडाला लागलेलं मेण कागद ठेवून गरम इस्त्रीनं वढून काढलं. मेणबत्तीचं, खनिज तेलातनं निघणारं मेण आन झाडाची राळ वितळवून नवा गोळा केला, पहिला ठिसूळ झाला, दुसरा चिकाट, तिसरा जमला. मग परत पहिल्या टाक्यापासनं.

आता तेच काम चालू हाय. लोक इचारत्यात, तुमी बी मटण सोडलं का? न्हाय ओ, बकरी ईदला या, पोटभर जेवू घालते. मी न्हाय पाळत. पण दुसरं कोण पाळतंय ते माझ्या हातानं मोडायचं न्हाय. अल्लानं डोळ्यांत नजर ठेवलीय तवर शिवीन.