गिटारमधली घुंऽऽ

हसणार नसाल तर सांगते. सुरुवात एका बारीकशा घुंघुंपासून झाली. सुनीलभाऊंच्या गिटारसाठी मी इक्वलायझर आणि फिल्टर बनवत होते. म्हणजे गिटारचा आवाज छोट्या बोर्डात जाणार आणि माझा प्रोग्राम त्यातला नको असलेला भाग गाळणार. दुसऱ्या दिवशी विहारात त्यांचा भीमगीतांचा कार्यक्रम होता, आणि मी मोठ्या तोंडानं हो म्हणून बसले होते.

माझ्या ढिल्या हेडफोनमध्ये खाली कुठेतरी घुंऽऽ. मी खालचे सूर कापले. घुंऽऽ. आणखी कापले, तर गिटार पत्र्याच्या डब्यासारखी वाजायला लागली, पण घुंघुं तशीच. शेवटी गिटारची वायरच उपटली. तरी घुंऽऽ! मी दचकून उठलेच. हेडफोन आईच्या कानाला लावला.

"आई, आवाज येऊन राह्यला का?"

"कोनता आवाज? काई नाई ना वं. तुयेच कान तपासून घे."

आता बोर्ड बिघडला की कान, हेच कळेना. उद्या माझ्या भरवशावर राहू नका, हे सांगायला सुनीलभाऊंना फोन लावला. चार वेळा त्यांनी उचलला नाही. पाचव्यांदा उचलला, आणि फोनमधूनही तीच घुंऽऽ!

"मोठ्यानं बोल वं बाई!" भाऊ ओरडले. "तुमच्या घरामागच्या राईस मिलमधी धान घेऊन उभा हावो. जलमभर इथी राहून तुम्ही लोक बहिरे कसे नाई झाले?"